उघडिपीतला पूर

भाद्रपदात चार-पाच दिवसांची उघडीप पडली की आमच्याकडे घरातलं सगळं अंगणात येतं. गोधड्या, उशा, बुरशी धरलेल्या चपला, सुकटीचे डबे आणि म्हातारी माणसं. मीही आज खुर्ची घेऊन बाहेर बसलो आहे. भात पोटरीला आलं आहे, वाऱ्याची झुळूक आली की त्याचा कोवळा, दुधट वास येतो. बांधावर तेरडा फुलला आहे. माझी बायको मंदा दोरीवर चादरी टाकता टाकता म्हणते, "आभाळ बघा, घासून ठेवल्यासारखं झालंय. आता काय येत नाय पाऊस."

मी आभाळाकडे बघत नाही. उत्तरेला आमचा आडवा डोंगर आहे, तिकडे बघतो. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी त्याच्या माथ्यावर कधी कधी एक करडा पट्टा असतो, भिंतीत ओल उतरावी तसा. आज तो नाही. तरी मी दर थोड्या वेळाने बघतो. ही सवय मला उशिरा लागली. जेव्हा लागायला हवी होती, तेव्हा मी घरात बसून कौलांचा आवाज ऐकत होतो.

एक आकडा दुरुस्त करायचा राहिला होता. पन्नासएक वर्षं राहिला होता. परवा तो दुरुस्त झाला, पण कसा झाला ते लिहून ठेवलं नाही तर पुन्हा कोणीतरी मला चांगला माणूस समजेल.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, आडव्या डोंगराच्या दक्षिणेला. पलीकडे शहापूर तालुका. आमच्या पाखेवर, म्हणजे उतारावर, पडलेलं पाणी वहाळातून काळू नदीला जातं, पलीकडच्या पाखेवरचं भातसेला. मधल्या खिंडीत पूर्वी एक कौलारू चौकी होती. तिचं आढं बरोबर डोंगराच्या धारेवर आलं होतं. पावसात तिथे उभं राहिलं की एका बाजूच्या पागोळ्या काळूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या भातसेच्या. एकाच ढगातले दोन थेंब आढ्यावर हातभर अंतराने पडायचे आणि दोन तालुके फिरून पार खाली, उल्हासच्या पाण्यात पुन्हा भेटायचे. तरुणपणी मला यात फार गंमत वाटे. गमतीपेक्षा स्पर्धा जास्त वाटे. कोणत्या पागोळ्या जाड पडतात हे मी बघत असे, आणि त्या आमच्याच असाव्यात असं मला वाटे.

मंदा पलीकडची, शेणव्याच्या बाजूची. लग्न होऊन आली तीच स्वतःची नदी घेऊन. आमच्याकडचा तांदूळ शिजला नाही की म्हणे, "पाण्याचा दोष. आमच्याकडं असं नाय होत." पुढे भातसेवर धरण झालं, भातसानगरची वसाहत उभी राहिली, आणि मग तिला आवरणं कठीण झालं. "तुमची काळू कल्याणच्या पलीकडं कोनाला ठाऊक तरी हाय का? आमची भातसा मुंबईच्या नळात येते, नळात!"

"नळात येते ती नदी कसली," मी म्हणे.

"जळा तुमी," ती म्हणे, आणि भाकरी थापू लागे.

ती हे हसत म्हणायची. मी खरोखर जळत असे. नदीवरून कोणी जळतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण माझं जळणं नदीपासून सुरू झालं नव्हतं. ते काशिनाथपासून सुरू झालं होतं.

पाण्याची पातळी मोजण्याचं सरकारी हंगामी काम होतं ते. वहाळात सिमेंटच्या चौथऱ्यावर एक उभी लोखंडी पट्टी रोवलेली, तिच्यावर फूट आणि इंच रंगवलेले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जाऊन पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि छापील तक्त्यात भरायचं. आमच्या वहाळावर मी, पलीकडच्या वहाळावर काशिनाथ. दोन्ही वहाळ त्याच एका डोंगरातून निघालेले, म्हणून मुद्दाम दोन्हीकडे पट्ट्या बसवलेल्या. आठवड्यातून एकदा आम्ही दोघे खिंडीत चढायचो आणि शहापूरहून आलेल्या शिपायाकडे तक्ते द्यायचो.

मी मॅट्रिक पास होतो, अक्षर चांगलं होतं, पाटलांच्या आळीत घर होतं. काशिनाथ मंदाच्या माहेरच्या बाजूचा, बौद्धवाड्यातला, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, चौथी शिकलेला, अंगाने उंच आणि बोलायला हळू. त्याचे आकडे वाकडे, एखाद्या खुरट्या रोपासारखे. पण तो पट्टी बघण्याआधी पाणी बघायचा. उकिडवा बसून ओंजळीत घ्यायचा, बोटांतून गाळायचा, हाताला राहिलेला कचरा बघायचा.

एकदा मी खिंडीतून त्याच्याबरोबर खाली त्याच्या वहाळावर गेलो होतो. त्याने ओंजळीतून एक पान काढून मला दाखवलं.

"ह्ये हिरड्याचं. हिरडा खाली हाय का कुठं? नाय. म्हंजे ह्यो माथ्यावरचा पाऊस. ऐनाची पानं आली असती तर मधल्या टप्प्याचा. आन पानी तांबडं असतं तर समजायचं, खालच्या माळाची, वरकसाची माती सुटली, ह्यो निस्ता खालचा पाऊस, लई वाढायचा नाय."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात, दत्ताभाऊ? पानी सांगतंच. आपुन बघायचं."

मी घरी येऊन आमच्या वहाळावर तसंच उकिडवं बसून पाहिलं. ओंजळीत घेतलं, बोटांतून गाळलं, एकदा तर घोटभर पिऊनही पाहिलं. मला पाण्याने काही सांगितलं नाही. दोन दिवस पोट मात्र बिघडलं. मंदा पेज करून देताना म्हणाली, "आमच्या काशिनाथचं बघून केलं असनार. त्याला उपजत कळतं हो. तुमी पट्टी बघा आन लिवा."

'आमच्या काशिनाथचं.' तिने ते माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसंच म्हटलं होतं. माझ्या पोटात मात्र ते पाण्यापेक्षा जास्त दिवस राहिलं.

खिंडीत दर आठवड्याला शिपाई माझा तक्ता घडी घालून ठेवी आणि काशिनाथशी गप्पा मारत बसे. यंदा खेकडे कधी, भाताची आवणी कधी, पूर किती. मी बाजूला बसून माझं सुरेख अक्षर बघत असे. माणसाला हेवा वाटतो तेव्हा त्याला काही मिळवायचं नसतं, समोरच्याचं थोडं कमी व्हावं एवढंच हवं असतं. मला पाणी वाचता यावं असं मला वाटत नव्हतं. काशिनाथ एकदा तरी चुकावा असं वाटत होतं.

आणि चुकलो मी.

तीही भाद्रपदातली उघडीप होती. चौथा दिवस कोरडा. कौलं तापली होती आणि मांजर ओट्यावर ताणून पडलं होतं. आधीचे तीन दिवस पट्टीवर पाणी एक फुटाला एक दोरा इकडे तिकडे, असंच होतं. त्या दिवशी मी गेलोच नाही. पावसाळाभर मी एक लबाडी करत आलो होतो, ती इतकी साधी होती की लबाडी वाटतच नव्हती. कौलांवर पाऊस वाजला की वहाळावर जायचं, नाही वाजला की कालचाच आकडा घरी बसून लिहायचा. आपल्या कौलांवर जे पडतं तेच नदीत येतं, असा माझा हिशेब. पाणी मोजणाऱ्याने करावी अशी ही चूक नव्हे. पण आमच्यातले पुष्कळ जण ती करत असणार. मी सकाळीच तक्त्यात तिन्ही वेळचे आकडे भरून टाकले. एक फूट, एक फूट, एक फूट. शाई सुंदर वाळली.

संध्याकाळी म्हैस वेळेवर आली नाही, म्हणून शोधायला वहाळाकडे उतरलो. पाणी आपल्या जागी शांत वाहत होतं. पण वास वेगळा होता, फोडलेल्या ढेकळासारखा. काठावरची लव्हाळी सगळी एका दिशेला आडवी झोपली होती. करंजाच्या फांद्यांवर काडीकचऱ्याची, पानांची एक सरळ ओळ अडकली होती, दोरी बांधावी तशी. त्यात हिरड्याची पानं होती. मला तेव्हा ती ओळखता आली.

पट्टीवर ओल्या गाळाची रेघ होती. मी वाकून बघितलं. रेघ कुठे होती ते मी नीट, दोनदा बघितलं. मग डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, पाण्यात भिजवला आणि पट्टी वरपासून खालपर्यंत पुसून काढली. पट्टी स्वच्छ ठेवणं आमच्या कामातच होतं.

मी गेलो नव्हतो हे लपवायचं होतं, हे खरंच. पण ते अर्धंच कारण. पुसताना माझ्या डोक्यात आलं होतं की काशिनाथने हे पाणी पाहिलं असणार, चढताना पाहिलं असणार, बहुधा चढायच्या आधीच ओळखलं असणार. आणि हे जगात मी सोडून कोणालाही कळू नये असं मला वाटलं.

नेमके त्या आठवड्यात खात्याचे साहेब स्वतः आले. आधी आमच्या वहाळावर. पट्टी लखलखीत बघून, करंजाकडे मान वर न करता, म्हणाले, "पट्टी अशी ठेवावी." मग आम्ही खिंडीत चढलो. काशिनाथ चौकीच्या पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला. साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडीवर घेतले आणि त्यांचं बोट थांबलं.

"हे चार फूट कसले?"

"पूर आला व्हता, साहेब. दुपारी. घटकाभर व्हता, मंग उतरला."

"त्या दिवशी पाऊस कुठे होता?"

"खाली नव्हता. माथ्यावर व्हता. पान्यात हिरडा आला व्हता."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, मुलाच्या थापेला हसावं तसे हसले. "डोंगर एक. इकडच्या पाखेवर चार फूट आणि तिकडच्या पाखेवर एक फूट? माथ्यावर पाऊस पडला तर दोन्हीकडे उतरेल ना? का ढगाने तुमचाच वहाळ निवडला?"

त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. चौकीच्या छपराइतकं बिनचूक.

काशिनाथ माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच मला सहन झालं नाही. मोकळेपणाने म्हणाला, "दत्ताभाऊ, तू सांग ना. तुझ्याकडं पन आलं असंल की."

मी साहेबांकडे बघून म्हणालो, "साहेब, त्या दिवशी आमच्याकडे पाऊसच नव्हता."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते पन्नास वर्षं उलटंपालटं करून पाहिलं आहे.

काशिनाथ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, खाली चला, करंजाला कचरा दाखवतो." साहेबांच्या पायात बूट होते आणि उतार निसरडा होता. दोघांतलं खरं कोणाचं धरायचं, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. घर कुठल्या आळीत आणि अक्षर कसं, तेवढ्यावरच ठरलं. पुढच्या आठवड्यात काशिनाथचं काम गेलं. दुसऱ्या वर्षी मला काळूवर कायमची जागा मिळाली, आणि मी निवृत्त होईपर्यंत पाणी मोजलं. रोज जाऊन मोजलं. एकही दिवस चुकवला नाही. त्याने काही फिटत नाही.

त्याला मात्र नाव चिकटलं. चारफुट्या. बाजारात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात. "काय चारफुट्या, आज किती?" तो बिचारा सहा फुटांच्या आसपास, म्हणून लोकांना आणखी हसू. मंदा माहेरी जाऊन आली की सांगे, "सगळी हसतात हो त्याला. तरी रोज वहाळावर जातो. खडकावर त्यानं टाकी घेऊन रेघ कोरून ठेवलीय, चार फुटांची." मी विचारी, "अजून जातो?" त्या विचारण्यात मला लाज वाटायला हवी होती. वाटायचा हेवाच. काम नाही, पगार नाही, पट्टीही उचलून नेलेली, आणि तरी त्याला जावंसं वाटतं. मला पगार मिळतो म्हणून मी जातो.

काही वर्षांपूर्वी तो गेला. मंदा मातीला जाऊन आली. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही बाजूची मानसं आलेली, रस्त्याला जागा नव्हती." मी अंगणात बसून मोजत राहिलो, माझ्या मातीला किती येतील.

मागच्या आठवड्यात सुजाता आली. काशिनाथची मुलगी, पलीकडच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, आता तिचेही केस पिकले. मंदाने तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला. ती म्हणाली, त्यांच्या गावात नवी बालवाडी बांधायची आहे आणि जागा ठरली आहे वहाळाकाठच्या सपाटीवर.

"तिथं पाणी येतं, काका. बाबांची रेघ त्या सपाटीच्या वर हातभर आहे. मी सभेत सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, चारफुट्याची पोर. सरपंच भला मुलगा आहे, पण तोसुद्धा म्हणतो, मॅडम, खडकावर रेघ कोणीपण मारेल. कागद आणा." तिने कप खाली ठेवला. "तुम्ही एवढी वर्षं त्या कामात होतात. तुमच्याकडे एखादा जुना कागद असेल का?"

"कागद नाही," मी म्हणालो.

तेही खरं होतं. खरं बोलायची मला किती सवय आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ती उठली. मंदा तिला फाटकापर्यंत सोडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "तिथं ल्हान ल्हान पोरं बसनार हायत," एवढंच म्हणाली. तिला काय ठाऊक होतं मला माहीत नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. पण तो रुमाल तिनेच धुतला होता, आणि गाळाचा डाग तिला ओळखू येतो.

परवा मी रिक्षा करून पलीकडे गेलो. सुजाताला शाळेतून बोलावलं, सरपंचाला निरोप धाडला. आम्ही सपाटीवर पोचलो तेव्हा चुन्याच्या रेघा आधीच मारलेल्या होत्या, बालवाडीचा दरवाजा कुठे येणार ते कळत होतं. सपाटीच्या टोकाला तो खडक. रेघ मी पहिल्यांदाच बघितली. वीतभर लांब, खोल, सरळ. त्याचे आकडे वाकडे असत, रेघ मात्र सरळ होती.

चार-सहा माणसं जमली. सरपंच तिशीतला, कल्याणला नोकरीला जाणारा, त्या दिवशी सुट्टीवर. म्हणाला, "बोला आजोबा. मॅडम म्हणाल्या, तुमाला काय सांगायचंय."

मी सांगितलं. मी त्या दिवशी वहाळावर गेलो नव्हतो. आकडा घरी लिहिला होता. पूर आमच्याकडेही आला होता, गाळाची रेघ मी स्वतःच्या हाताने पुसली, आणि खिंडीत काशिनाथने विचारलं तेव्हा मी त्याच्या बाजूने बोललो नाही. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे चारफुट्या खरा व्हता?"

"त्यांचं नाव काशिनाथ," सुजाता म्हणाली. वळूनसुद्धा न बघता.

सरपंचाने डोकं खाजवलं. "पन आजोबा, तुमचा वहाळ काळूचा, आमचा भातसेचा. तिकडं आलं त्याचा हिकडं काय संबंध?"

साहेबांनी मांडलेलं तेच गणित मी त्याच्यासमोर मांडलं. खिंडीतली चौकी, तिचं आढं, दोन बाजूच्या पागोळ्या. माथ्यावर पडलं तर दोन्हीकडे उतरणार. त्या गणितात एकच आकडा खोटा होता आणि तो माझा होता. सरपंच डोंगराकडे बघत राहिला, मग चुन्याच्या रेघेकडे, मग खडकाकडे. पायाने त्याने दरवाज्याची रेघ थोडी पुसली. "शाळंच्या मागं उंचवटा हाय," तो म्हणाला. "जागा कमी पडंल. पडूंदे. पन हे सगळं लिवून द्या मॅडम, सभेपुढं ठेवतो."

सुजाताने वही काढली. खडकाला टेकून लिहू लागली. बाबांचं नाव, वहाळाचं नाव, आणि पुढे, पाणी चार फूट. मग पेन थांबवून तिने मला विचारलं, "आणि तुमच्या बाजूला किती होतं, काका?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. पन्नास वर्षं तो आकडा माझ्या तोंडात होता. मी तो मंदाला सांगू शकलो नव्हतो, भातसेची टिमकी वाजवणाऱ्या माहेरच्या लोकांना सांगू शकलो नव्हतो, खिंडीत काशिनाथच्या तोंडावर फेकू शकलो नव्हतो. सांगायचा तर काशिनाथ खरा ठरत होता, म्हणून.

"सव्वाचार," मी म्हणालो.

तिने मान वर केली. "म्हणजे तुमच्याकडे जास्त?"

"तीन इंच."

तिने बाबांच्या आकड्याखाली माझा आकडा लिहायला घेतला.

"वर लिही," मी म्हणालो. "जास्त होतं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली, खिंडीत तिचा बाप बघत राहिला होता तशीच. मला ते शब्द मागे घ्यायचे होते, आणि मी घेतले नाहीत. मग तिने दोन ओळींच्या मध्ये जागा नव्हती तिथे बाण काढला, बारीक अक्षरात सव्वाचार लिहिलं, आणि वही माझ्यापुढे सहीला धरली.